भूल बंद केल्याची वेळ

विषय : शस्त्रक्रिया नोंदीतील रकाना क्रमांक नऊ, 'भूल बंद केल्याची वेळ', भरून मिळण्याबाबत.

संदर्भ : १. माझी पित्ताशयाची शस्त्रक्रिया, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५. २. श्री. धर्मा, राहणार कामण, यांचा अर्ज, दिनांक १० डिसेंबर २००१. ३. रुग्णालयाचे परिपत्रक, जानेवारी २००२.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो की, वरील तिन्ही कागदांशी माझा संबंध आहे. पहिल्यात मी रुग्ण आहे, दुसरा मी दाबला आहे आणि तिसरा मी लिहिला आहे. अर्जात एवढं सगळं मावत नाही. अर्ज एका पानाचा असावा, असा तेहतीस वर्षं मीच आग्रह धरला. म्हणून अर्ज तिकडे दिला आणि उरलेलं इथे लिहितो आहे. वाचताना घाबरू नका. कागदावरून ही गोष्ट पसरत नाही. निदान तसं काही माझ्या निदर्शनास आलेलं नाही.

मी सदानंद तिरोडकर. वसईच्या किनारा धर्मादाय रुग्णालयात लिपिक होतो, शेवटची अकरा वर्षं हेडक्लार्क. ऑपरेशन थिएटरच्या नोंदवह्या, औषधभांडार आणि आवक-जावक माझ्याकडे. डॉक्टर माणसं बरी करत आणि ती बरी झाल्याचं मी कागदावर आणत असे. यातलं पहिलं काम सोपं, असं माझं मत होतं.

भुलीच्या औषधांशी माझी ओळख भांडारातली. लोकांना वाटतं भूल म्हणजे इंजेक्शन. इंजेक्शनने माणूस झोपतो खरा, पण त्याला तास-दोन तास झोपलेला ठेवते ती वाफ. बाटलीत ते औषध पाण्यासारखं दिसतं. मशीनवरच्या लहानशा टाकीत ते ओतायचं आणि डायल फिरवायचा. प्राणवायू त्यावरून वाहताना वाफ उचलून नेतो आणि रुग्णाच्या नाकातोंडात सोडतो. आमच्या काळी हॅलोथेन होतं, त्याची टाकी तांबडी. आता सेव्होफ्लुरेन आहे, त्याची पिवळी. वास दोन्हींचा गोडसर. केळी पिकून काळी पडलेल्या खोलीत कुणी रंगाचा डबा उघडून ठेवावा, तसा. आणि हे औषध बहुतेक सगळं आलं त्या वाटेनेच परत जातं. डायल बंद केला की माणूस ते श्वासातून बाहेर टाकत राहतो आणि दहा-पंधरा मिनिटांत डोळे उघडतो. आमचे जुने भूलतज्ज्ञ म्हणायचे, "तिरोडकर, भूल कुणीही देईल. काढून घेणाऱ्याला डॉक्टर म्हणतात." मी मान डोलवायचो आणि नोंदवही पुढे सरकवायचो. रकाना आठ, भूल सुरू केल्याची वेळ. रकाना नऊ, भूल बंद केल्याची वेळ. कृपया सही.

तर गेल्या फेब्रुवारीत माझ्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन आमच्याच रुग्णालयात करायचं ठरलं. सकाळी नऊ वाजता मी आणि माझी पत्नी यमुना रिक्षाने गेलो. तिच्या हातात चहाचा थर्मास होता आणि माझ्या हातात फाइल. मला उघड्या पाठीचा हिरवा झगा देण्यात आला. ज्या थिएटरच्या दाराशी तेहतीस वर्षं उभा राहिलो, त्यात पहिल्यांदाच आडवा होऊन शिरलो.

भूलतज्ज्ञ डॉ. जीना आमच्याच गावातली. तिला मी शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं. तिने माझा हात दोनतीनदा थोपटला.

"काका, शीर सापडत नाहीये. मास्कवरच झोपवते, मग शीर बघते. लांब श्वास घ्या."

"डायल कितीवर ठेवणार?"

"काका, तुम्ही रिटायर झालात ना?"

"झालो."

"मग झोपा की."

मास्क तोंडावर आला. तो वास आला. उशाशी मशीनला एक रबरी पिशवी टांगलेली असते. मी श्वास घेतला की ती चिमते, सोडला की फुगते. फस्... आणि मग थांबून, फस्... आपला श्वास आपल्या बाहेर असा लोंबकळताना पाहणं बरं वाटत नाही. छतावरचा मोठा दिवा हळूहळू दूर गेला. आवाज मात्र दूर गेला नाही. तो जवळ आला.

जागा झालो तेव्हा वॉर्डात होतो. यमुना शेजारी स्टुलावर बसली होती. दुखत होतं, म्हणजे सगळं नियमाप्रमाणे होतं. मी तिला विचारलं, "हा फस् फस् आवाज कुठून येतोय?"

"एसीचा असेल."

दोन दिवसांनी घरी आलो. आमच्या घरात एसी नाही. आवाज होता.

पहिले आठ दिवस मी कशाकडे लक्ष दिलं नाही. यमुना माझ्याजवळ येऊन बसली की पाच मिनिटांत पेंगू लागे; पण लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली आहेत आणि मी बोलायला लागलो की तिला झोप येते हे काही नवं नव्हतं. मग खालच्या मजल्यावरचे अँथनी समाचाराला आले. बोलका माणूस, सगळ्या गृहसंकुलाचं राजकारण त्यांच्या जिभेवर. पाण्याच्या टाकीवरून सुरुवात केली, आणि सेक्रेटरीपर्यंत पोचायच्या आत हातातली कपबशी कलली. चहा त्यांच्या पँटवर सांडला. गरम होता. अँथनी उठले नाहीत.

त्यानंतर पट्टी बदलायला आलेली नर्स. मग परेश, माझा मुलगा, जो वालीवच्या कारखान्यात रात्रपाळी करूनही दिवसा झोपत नाही. सगळे माझ्याजवळ आले की जांभई देत आणि दूर गेले की डोकं दुखतं म्हणत. मी स्वतः मात्र त्या दिवसापासून झोपलेलो नाही. डोळे मिटून पडतो, पण आत काही मिटत नाही. थकवाही येत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, या वयात झोप कमी होतेच. तीन महिन्यांत शून्यावर येते का, हे विचारायचं राहिलं.

आता मुद्द्याचं. आर्या माझी नात, सहा वर्षांची, पहिलीत. दुपारी शाळेतून आली की माझ्या छातीवर डोकं ठेवून वर्गातल्या सगळ्या मुलांच्या तक्रारी करायची, तो आमचा जुना रिवाज. टाके सुकेपर्यंत तिला लांब ठेवलं होतं. मार्चच्या दहा तारखेला ती आली. चार वाजता आडवी झाली, मेलरॉय नावाच्या एका मुलाने तिचा खोडरबर चावला इथपर्यंत सांगितलं आणि झोपली. मला बरंच वाटलं. मी हललो नाही.

पाच वाजता सून स्वप्ना तिला उठवायला आली. "आर्या, ऊठ गं. दूध घे." तिने गालावर थापट्या मारल्या. पाणी शिंपडलं. मान एका बाजूला पडत होती. स्वप्नाचा आवाज चढत गेला आणि मग एकदम बंदच झाला, कारण आता तीही माझ्या पलंगाला टेकून खाली बसत चालली होती. परेशने धावत येऊन दोघींना बाल्कनीत ओढलं. वाऱ्यावर वीस मिनिटं गेली तेव्हा आर्याने डोळे उघडले. ओठ निळसर दिसत होते. पहिलं वाक्य बोलली ते असं :

"आजोबांच्या पोटात मशीन आहे. फस् फस् करतंय."

या आवाजाबद्दल मी तोपर्यंत यमुनेखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वप्ना तिला घेऊन फुलपाड्याला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "बाबा, राग मानू नका." मी कशाला राग मानू? मी दाराशी नव्हतोच, दूर खिडकीत उभा होतो. आर्याने खालून हात हलवला. तेव्हापासून ती माझ्याजवळ आलेली नाही. यमुना आणि परेश पलीकडच्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून निजतात.

डॉ. जीनाकडे गेलो. तिने छातीला नळी लावली, ऐकलं, भुवया उंचावल्या, पुन्हा ऐकलं. मग नळी कानात तशीच ठेवून तिची मान माझ्या खांद्यावर आली. सबंध दिवस भुलीच्या वाफेशेजारी काढणारी बाई. मी तिला खुर्चीसकट खिडकीशी ढकललं. जागी झाल्यावर तिने आधी खिडकी सताड उघडली.

"काका... तुमच्या श्वासाला वास येतोय."

"केळ्यांचा?"

"सेव्होचा." मग घाईघाईने म्हणाली, "पण मी डायल बंद केला होता. ह्या हाताने केला."

"लिहिलंत का?"

तिने कॉम्प्युटर उघडला. रकाना आठ : १०.१०. रकाना नऊ कोरा होता. ऑपरेशन संपता संपता दिवे गेले होते, जनरेटर लागेपर्यंत कॉम्प्युटर बसला होता, आणि पुढचा रुग्ण दारात होता.

"मग आता लिहा."

"लॉक आहे, काका. चोवीस तासांनंतर घेत नाही."

मी भुतांवर कधी विश्वास ठेवला नाही. नोंदवह्यांवर ठेवला. तो कोरा चौकोन बघितला आणि मला तेवीस वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवला, ज्याला आम्ही सगळे हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डरूम गाठली. तिथे आता मेलरॉय हेडक्लार्क आहे. खोडरबर चावणारा नव्हे. हा पन्नाशीचा, माझ्याच हाताखाली तयार झालेला. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो आणि खिडकीतून बोललो.

"साहेब, आत या की. पंखा आहे."

"नको. दोन हजार एकची थिएटरची नोंदवही काढ. नोव्हेंबर."

धूळ झटकत त्याने ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. वीस नोव्हेंबर २००१. हंसा धर्मा, वय चोवीस, कामण. अपेंडिक्स. भूल सुरू : सकाळी ११.०५. पुढे कोरं. त्या दिवशीही दिवे गेले होते. पानाला एक अर्ज टाचलेला होता. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं सरळ अक्षर, खाली धर्माची वाकडी सही. "माझी पत्नी ऑपरेशन करून घरी आली आहे. तिच्याजवळ जो बसतो तो झोपतो. कोंबड्या झोपतात. तिला स्वतःला झोप येत नाही. तरी तिची भूल बंद करून मिळावी, ही विनंती."

खाली हिरव्या शाईत शेरा : "कार्यवाहीयोग्य काही नाही. दफ्तरी दाखल." अक्षर सुंदर होतं. माझंच.

मला तो दिवस लख्ख आठवला. मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला होता आणि सगळं ऑफिस हसलं होतं. मी त्याला म्हणालो होतो, "अहो, बायको शेजारी बसली की झोप येते, याला भूल नाही, संसार म्हणतात." तोही ओशाळून हसला होता. नंतर पंचाईत नको म्हणून मी परिपत्रक काढलं : डॉक्टरांनी कोरा ठेवलेला रकाना लिपिकाने कोणत्याही परिस्थितीत भरू नये, चोवीस तासांनंतरची दुरुस्ती फक्त समितीकडे अर्ज करून.

"ते अजून लागू आहे?" मी विचारलं.

"साहेब, सिस्टम बनवली ना, तेव्हा तुमचंच सर्क्युलर घातलं त्यात. वेंडर म्हणाला, इतकं क्लियर कुणी लिहीत नाही." मेलरॉयने जांभई दिली. "सॉरी हं. काय माहीत आज काय झालंय."

कामणला गेलो ते बावीस मेला, सकाळी. भिवंडी रस्त्याची गोदामं मागे टाकली की पडीक भातशेती लागते आणि तिच्या पलीकडे खाडीचा बांध. धर्माचं घर विचारलं तर एका बाईने हात करून दाखवलं आणि बजावलं, "घरात जा. खोपीकडं जाऊ नका."

धर्मा ओट्यावर बसून दोरी वळत होता. डोकं पांढरं शुभ्र. त्याने मला बघितलं आणि दोरी खाली ठेवली.

"भाऊसाहेब," तो म्हणाला. "अर्जाचा काय झाला?"

ह्या प्रश्नाला मी नोकरीत शेकडो उत्तरं दिली आहेत. मी ओट्याच्या टोकाला बसलो. दूर बांधावर एक एकटी खोपी दिसत होती, दाराशी लुगड्याचा हिरवा ठिपका.

"ती तिकडं ऱ्हाते," धर्मा म्हणाला. "तेवीस वर्सं. मी वाऱ्याची दिशा बगून भाकर-पानी ठेवतो. वारा खाडीकडून असला का तिच्याशी लांबून बोलतो बी नाय. एकदा बांधावरच पडलो दिवसभर." तो थांबला. नाक वर करून त्याने हुंगलं. मग माझ्याकडे बघत हळूच दोन हात मागे सरकला. "तुमाला बी?"

"हो."

त्याला आनंद झाला असता तरी माझी हरकत नव्हती. तो नुसता म्हणाला, "अरारा."

मी विचारलं, मुलंबाळं?

"एक होता. हितेश. आठ महिन्याचा. बायको घरी आली, कोंबड्या झोपाया लागल्या, तवा त्याला माझ्या आईकडं ठेवला. मग मी तुमच्याकडं अर्ज घेऊन आलो. तुमी हसलात. समदे शिकलेले लोक हसले. मी घरी येऊन हिला सांगितला, अगो, ते हसतात, काय नाय तसला, आपलाच येडेपना. तवा ती म्हनाली, मग लेकरू द्या माझ्याकडं. तिनं त्याला पाजाया घेतला. झोपला."

"मग?"

"झोपला," धर्मा म्हणाला.

मी उठलो आणि बांधाने खोपीकडे गेलो. ऊन चढलं होतं. खोपीभोवती गवत होतं, पण किडा-मुंगी, पक्षी, काही नाही. इतकं शांत ऊन मी कधी ऐकलं नाही. त्या शांततेत फक्त माझा फस्... आणि त्याच्या किंचित मागून, खोपीतून, दुसरा.

हंसा सत्तेचाळीसची असेल. जाळं विणत बसली होती. मी चार पावलांवर थांबलो.

"जवल या," ती म्हणाली. "तुमी नाय झोपनार."

मी तिच्या शेजारी बसलो. खरंच, दोघांपैकी कुणी पेंगलं नाही. तिने माझ्या मनगटावर बोट टेकवलं, जसं तापलेला तवा बघावा तसं, आणि तिथेच राहू दिलं. तेवीस वर्षांत तिला कुणी इतकं जवळ भेटलं नव्हतं.

"आवाज येतो तुमाला?"

"येतो."

"सवय नाय होत. बंद करा तो, भाऊसाहेब. तुमच्याकडंच व्हता ना कागूद?"

मी हो म्हणालो.

तेवीस मे, दुपार. मेलरॉयने नोंदवही कट्ट्यावर ठेवली, माझ्या हातातलं पेन बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मी चहाला जातो. मला काही दिसलेलं नाही." तो गेल्यावर मी आत शिरलो आणि टेबलाशी बसलो. स्वतःचं परिपत्रक मोडायला मला पाच मिनिटं लागली. अडचण वेगळीच होती. कोणती वेळ लिहायची? सोपं होतं, वीस नोव्हेंबर २००१, ११.५५. पण ते खोटं होतं, आणि खोटी वेळ मी आयुष्यात लिहिली नाही. भूल बंद होते आहे ती आत्ता. म्हणून मी रकाना नऊमध्ये लिहिलं, '२३ मे २०२५, दुपारी ३.४०', आणि सही केली. शाई वाळली. काही झालं नाही. खोलीत फक्त तो वास होता, पण तो माझाही असू शकेल.

सव्वाचारला धर्माचा फोन आला. मी त्याला नंबर देऊन आलो होतो.

"भाऊसाहेब, बंद झाला."

"काय सांगता!"

"पावनेचारला. ती उठून बांधावर आली. मी जवल गेलो, झोप नाय आली. चिमनी येऊन बसली खोपीवर." त्याचा श्वास लागला होता. "पन भाऊसाहेब... तिनं मला बगून डोईवर पदर घेतला."

"म्हणजे?"

"मला मामा म्हनाली. सासरा समजली. म्हनाली, मामा, हे कुठं गेले? हास्पिटलातनं मला कोनी आनला? आपलेच हात उलटसुलट करून बगते..." फोनवर मागून एका बाईचा आवाज येत होता, तरुण मुलीसारखा, घाईचा. "ती म्हनते, हितेशला आना, छाती भरून आली. काय सांगू तिला?"

मागून हितेशच्या नावाने हाक आली. त्याने फोन ठेवला.

मग मी हिशेब समजून घेतला. भूल ज्या घडीला बंद होते त्या घडीला माणूस जागा होतो, आणि तो भूल सुरू झाली तिथूनच पुढे जागा होतो. मधलं सगळं ऑपरेशनच्या वेळेत धरलं जातं. हंसाचं ऑपरेशन तेवीस वर्षं, सहा महिने आणि तीन दिवस चाललं. माझं अजून चालू आहे. हे लिहितो आहे तेही मी नंतर वाचलं तर मला माझं वाटणार नाही. आत्ता रकाना भरला, तर मी आर्याला सोडून जेमतेम काही महिने गेलेला असेन. ती पुन्हा माझ्या छातीवर डोकं ठेवील आणि उरलेल्या तक्रारी सांगेल. उशीर झाला, तर एक दिवस मी डोळे उघडीन आणि समोर उभ्या असलेल्या बाईला विचारीन, आपण कोण? माझी नात शाळेतून आली का?

माझी नोंद वहीत नाही, कॉम्प्युटरात आहे. तिथे पेन चालत नाही. समिती चालते. मी रीतसर अर्ज केला. जुलैत सुनावणीला बोलावलं. सभागृहात पाच सदस्य, डॉ. जीना आणि मी. मी खिडकी उघडायची विनंती केली. अध्यक्ष म्हणाले, एसी चालू आहे. विषय वाचून झाला. सातव्या मिनिटाला अध्यक्षांची हनुवटी छातीला टेकली. मी एकटाच जागा बसून ती सभा बघत होतो. सगळे एका तालात श्वास घेत होते. फस्... फस्... शेवटी मीच बाहेर गेलो, म्हणजे ते उठतील. इतिवृत्तात नोंद आहे : 'वेळेअभावी विषय पुढील सभेत.'

ऑगस्टमध्ये दुसरा अर्ज टपालाने पाठवला, मी जवळ नको म्हणून. आवक विभागात दिपिका नावाची नवी मुलगी आहे. अर्ज वाचता वाचता तिला डुलकी लागली आणि क्रमांक टाकायचा राहिला, असं मेलरॉय सांगतो. त्याला मी फारसं महत्त्व दिलं नाही. माझे अर्ज वाचताना लोक पूर्वीही झोपत.

आर्या रोज पाचला फुलपाड्याहून व्हिडिओ कॉल करायची. मध्ये विरार आहे, रेल्वेचे रूळ आहेत, दहाबारा किलोमीटर हवा आहे. फोनवर काय धोका? गेल्या मंगळवारी ती शाळेच्या नाटकातलं झाड झाली होती, ते मला करून दाखवत होती. दोन्ही हात वर, बोटं पसरलेली. मी टाळ्या वाजवल्या. तिने हात खाली घेतले, डोळे चोळले आणि तोंड एवढं मोठं उघडून जांभई दिली.

"आजोबा, ते मशीन बंद करा ना," ती म्हणाली. "मोठ्याने येतंय."

मी फोन बंद केला. पाऊण तासाने स्वप्नाचा मेसेज आला. 'उठली. वेळ लागला. काळजी करू नका.'

आता मी पाचला फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. तो वाजतो. थांबतो. पुन्हा वाजतो.

तिसरा अर्ज काल दिला. पुढील सभेची तारीख कळवण्यात आलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.